पोस्टरमधलं कोपर

तो मला आवडायला लागला तेव्हा माझ्याकडे त्याचं फक्त कोपर होतं.

इंग्रजीतलं एक क्रीडा पाक्षिक हैदराबादहून बसनं आदिलाबादला यायचं. बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्याच्या दोनच प्रती उतरत. त्यातली एक बाबांची. मधल्या दोन पानांवर कुणातरी फुटबॉलपटूचं पोस्टर असे. कधी ब्राझीलचा, कधी फ्रान्सचा, बहुतेक वेळा इंग्लंडचाच कुणीतरी. माझा खेळाडू हंगेरीचा होता. इंग्लंडमधल्या एका क्लबकडून तो मधल्या फळीत खेळायचा आणि त्याचं पोस्टर कधीच येत नसे. पण त्याच्या क्लबच्या एका लाडक्या खेळाडूचं आलं होतं, गोल केल्यावर दोन्ही हात पसरून ओरडतानाचं. त्यात अगदी उजव्या कडेला पांढरी पट्टी बांधलेलं एक कोपर आणि पाठीवरच्या आकड्याचा अर्धा भाग दिसत होता. ते कोपर त्याचं. मी ते पोस्टर कपाटाच्या दाराला आतून लावलं. दार उघडलं की आई म्हणायची, "कोन हाय हा तोंड फाडलेला?" मी दार लावून टाकायची. तोंड फाडलेला माझा नव्हताच.

बाबा मंडल कार्यालयात, म्हणजे तिथल्या तहसिलीत, कारकून होते. त्याआधी काही वर्षं त्यांची नोकरी मंचेरियलला होती. तिथल्या खाणीच्या वसाहतीत दर रविवारी फुटबॉलचे सामने होत आणि ते बघायची सवय त्यांना तिथे लागली. आदिलाबादला बदली झाल्यावर मैदान सुटलं, पण केबल आली. आईची मालिका सोमवार ते शुक्रवार. त्यामुळे शनिवार संध्याकाळचा टीव्ही बाबांचा आणि माझा.

आम्ही बोलत नसू. बाबा खुर्चीत, मी खाली चटईवर, मधे भाजलेल्या शेंगांचं ताट. टरफलं जास्त झाली की बाबा ताट पायानं हळूच माझ्याकडे सरकवायचे. मग गोल व्हायचा. अकरातले आठ-नऊ जण गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडायचे, कॅमेरा तिथेच घुटमळायचा. मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, तो हंगेरीचा माणूस मोजे वर ओढत आपल्या जागेवर निघालेला असे. बहुतेक वेळा गोलाआधीचा पास त्याचाच असे, पण त्याला त्याचं काही वाटत असल्यासारखं दिसत नसे. बाबा हनुवटी थोडी वर करून म्हणायचे, "गेला." मी मान हलवायची. एका शनिवारी दोनदा-तीनदा हा एक शब्द. मला तो पुरायचा. असा शब्द दुसऱ्या कुणाच्या घरात नसेल, असं मला वाटायचं.

शाळेत मी त्याचं नाव कधी काढलं नाही. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. मुलांच्या कंपासपेट्यांवर परदेशी खेळाडूंची नावं कोरलेली असत आणि कुणाचा मोठा यावर मधल्या सुट्टीत भांडणं होत. मुलींच्या वह्या फिरायच्या, त्यात आवडता रंग, आवडता हिरो, आवडता खेळाडू. मी खेळाडूपुढे एक छोटी रेघ मारायची. नाव लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, "हा कोण?" मग सांगावं लागलं असतं. सांगितल्यावर एकतर त्या हसल्या असत्या किंवा त्यांना तो आवडला असता. मला दोन्ही नको होतं.

पण तो मागे पडतो याचा रागही यायचा. एकदा त्या पाक्षिकानं वाचकांचा कौल मागवला. दहा नावं छापली होती, आवडत्यापुढे खूण करून कूपन पाठवायचं. त्याच्याच क्लबचे दोघं त्या दहांत होते. सगळ्यात वर जो होता त्याचे निम्मे गोल याच्या पायातून आलेले. याचं नाव दहावंही नव्हतं. मी त्या यादीकडे असं बघत बसले की जणू माझ्याच वर्गाचा निकाल लागला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये ताई आली. तलमडुगु मंडलातल्या आमच्या गावी बाबांचे मोठे भाऊ शेती बघत. ताई त्यांची मुलगी, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेलुगू माध्यमातून दहावी झाली आणि इंटरसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, आमच्याकडे राहायला आली. माझ्या खोलीत तिची गादी पडली. आठ दिवसांत तिला गल्लीतल्या सगळ्यांची नावं, कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचं लग्न ठरून राहिलंय, सगळं माहीत झालं. मी तिथे सहा वर्षं राहत होते आणि मला फक्त फाटकांचे रंग माहीत होते. रविवारी विहारात वंदना म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. बायका आईला म्हणायच्या, "पोरगी मोकळी हाय तुमची." आई म्हणायची, "जेठांची हाय." मग सगळ्या माझ्याकडे बघायच्या.

ऑगस्टमध्ये सामने पुन्हा सुरू झाले, त्या पहिल्याच शनिवारी ती बाबांच्या आणि माझ्या मधे बसली. ताटात हात घालून म्हणाली, "काका, आपले कोनते? लालवाले का पांढरेवाले?"

"लाल."

"अन् तुमाले कोन आवडते त्याच्यात?"

हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. मला उत्तर माहीत होतं म्हणून नाही. विचारायचं नाही, हेच आमचं ठरलेलं आहे असं मी धरून चालले होते.

बाबांनी बोट दाखवलं. "तो. हंगेरीचा."

"हंगेरी कुठी आली?"

आणि बाबा सांगायला लागले. हंगेरी कुठे आहे, तिला समुद्र कसा नाही, फार वर्षांपूर्वी त्या देशाच्या संघाला सगळं जग कसं वचकून असायचं. मंचेरियलच्या वसाहतीत एक म्हातारा फोरमन होता, तो त्या जुन्या संघातल्या खेळाडूंची नावं पाढ्यासारखी म्हणायचा. हा आत्ताचा माणूस त्यांच्यापुढे काहीच नाही, पण त्याला खेळताना पाहिलं की तो म्हातारा आठवतो. बाबा पाच मिनिटं तरी बोलले असतील. तेवढ्यात एक गोल झाला. ताई टाळ्या वाजवत उठली, बाबा तिच्याकडे बघून हसले, आणि मागे मोजे ओढत निघालेल्या माणसाला त्या दिवशी "गेला" कुणी म्हटलंच नाही.

म्हातारा फोरमन मला माहीत नव्हता. त्याच्यावाचून इतके शनिवार मी काय बघत होते, असं वाटलं.

पुढच्या महिन्याभरात तो "आपला हंगेरीवाला" झाला. ताई पाणी भरताना शेजारणीला त्याच्याबद्दल सांगायची. कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगायची, तेही तेलुगूत, हातवारे करून. तिला त्याचा पास कळत नव्हता, पण नाव ती अशी घ्यायची की जणू तो जवळच्या जैनथच्या ऑटोतून उतरून आमच्याकडे चहाला येणार होता.

पत्र मी त्याच दिवसांत लिहिलं. शाळेच्या रफ वहीत आधी, मग चांगल्या कागदावर. संपादकांना विचारलं होतं की, तुमच्या पोस्टरांत या खेळाडूचं नेहमी कोपरच का असतं? ज्याच्या पासवर तुमचे लाडके गोल करतात तो गोल झाल्यावर, चहा पिऊन टेबलाकडे परतणाऱ्या कारकुनासारखा, कुणाकडे न बघता आपल्या जागेवर जातो. एकदा कॅमेरा त्याच्या मागे पाठवून बघा. एवढंच. पत्र लिहून झालं आणि खाली नाव लिहायची वेळ आली.

आमच्या घरी दुसऱ्याच्या नावानं लिहिणं ही रोजची गोष्ट होती. रविवारी सकाळी जैनथकडून, पेनगंगेकाठच्या गावांतून लोक ओसरीवर येऊन बसत. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे अर्ज बाबा लिहून देत. स्वतःच्या कार्यालयाचे नाही, दुसऱ्या खात्यांचे. खाली अर्जदाराचं नाव आणि अंगठा. त्याच्या डाव्या बाजूला, निजामाच्या काळापासून चालत आलेल्या रीतीनं, 'बकलम' असा शब्द आणि पुढे बाबांचं नाव. म्हणजे, गोष्ट याची, हात त्याचा. बकलम टाकल्याशिवाय बाबा कागद हातातून सोडत नसत. म्हणत, "लिवनाऱ्याचं नाव खाली पाह्यजेच. उद्या काही अडलं तं कोनाले इचारतील?"

मी पत्राखाली ताईचं नाव लिहिलं. बकलम टाकलं नाही. छापून आलंच तर वर्गातली मुलं वाचतील, स्टॉलवाला वाचेल, हसतील. हसले तर तिला हसू देत, असा माझा विचार होता. यात लाजेइतकाच दुसराही भाग होता आणि तो मला तेव्हाही माहीत होता.

दोन अंक गेले. तिसरा अंक घेऊन बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात जिलबीचा पुडा होता. स्टॉलवाल्यानं त्यांना लांबूनच हाक मारली होती, "साब, आपके घर की बच्ची छप गई!" पत्र चौकटीत होतं, अंकातलं सर्वोत्तम पत्र म्हणून. खाली ताईचं नाव, आदिलाबाद, आंध्र प्रदेश. लेखिकेला त्या खेळाडूचं मोठं पोस्टर टपालानं येणार होतं.

बाबांनी जेवताना ते आईला वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठी करत. कारकुनाच्या वाक्याला ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मी?" ताई म्हणाली. "मी कवा लिवलं, काका?"

आई म्हणाली, "लाजून राह्यली."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी वरणातला कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला लावत होते. दोन पानं होती, मी ती बराच वेळ लावली. मग ती हळूच म्हणाली, "हौ. लिवलं होतं असंच. ध्यानातून गेलं."

अंथरुणं घालताना तिनं विचारलं, "काऊन वं, माह्यं नाव काऊन टाकलं?"

"कसलं नाव?"

ती हसली. "बरं. मंग ठेवतो मी."

तिनं खरंच ठेवलं. कॉलेजात सरांनी पत्र वर्गात वाचून दाखवलं. बाबांच्या कार्यालयातल्या शिपायानं ते नोटीस बोर्डाला लावलं. मोठे बाबा, म्हणजे ताईचे वडील, गावाहून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची पोरगी इंग्रजी शाळेत शिकली नाई तरी तिनं इंग्रजी लिवलं, अन् काही पोरी शिकून शिकून तोंड उघडत नाई." बाबांनी त्यावर काहीतरी बोलावं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मग आत जाऊन उगाच पातेलं घासलं.

पोस्टर आलं, गुंडाळीत. ताईनं ते बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर लावलं. त्यात तो पूर्ण होता. टीव्हीवर लांबूनच दिसणारा चेहरा जवळून अगदी साधा, थोडे विरळ केस, डोळे उन्हानं बारीक केलेले. मी इतकी वर्षं कोपरावरून जे मनात धरलं होतं त्यातलं त्या चेहऱ्यात फारसं काही नव्हतं. आणि आता तो गल्लीतल्या सगळ्यांना ओळखीचा होता. शनिवारी शेजारच्या बायका, त्यांची पोरं, कॉलेजातल्या दोघी, सगळे आमच्याकडे. पडद्यावर तो दिसला की "आला, आला!" चटईवर जागा नसायची. मी दाराला टेकून बघायची. शेंगांचं ताट आता माझ्यापर्यंत येत नसे. पुढच्या वेळी पाक्षिकानं कौल मागवला तेव्हा त्या दहांत सगळ्यात शेवटी त्याचं नाव होतं. ताईनं स्टॉलवाल्याकडून दुसरी प्रत मागवली आणि त्यातलं कूपन गल्लीभर वाचून दाखवून, त्याच्यापुढे खूण करून पाठवलं. आमच्या प्रतीतलं कूपन माझ्याकडे होतं. मी ते फाडून वहीत ठेवलं, खूण केली नाही.

एका रविवारी जैनथकडचा एक माणूस ओसरीवर आला. त्याच्या मुलीला हैदराबादला नर्सिंगला जागा मिळाली होती, वसतिगृहासाठी इंग्रजीत अर्ज हवा होता. मी आत कोथिंबीर निवडत होते. बाबांचा आवाज आला, "माह्यं इंग्रजी दफ्तरातलं हाय. पोरी, तू लिव. तुह्यं तं छापून आलं."

थोड्या वेळानं ताई आत आली. हातात कागद, त्यावर 'रिस्पेक्टेड सर' आणि त्याखाली काही नाही.

"चल ना वं," ती म्हणाली. "समोर सुचत नाई."

"नाव तुझं छापून आलं. लिही की."

मी कोथिंबिरीवरून नजर उचलली नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर हात जोडेल. यातलं काहीही चाललं असतं.

"एवढं मनात ठेवलं?" ती म्हणाली. आणि बाहेर गेली.

मधे फक्त पडदा होता. तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "काका, मले नाई येत इंग्रजीत अर्ज. अन् ते पत्रबी माह्यं नव्हतं. नाव होतं माह्यं. मले लय गोड लागलं, म्हनून गप राह्यली."

"माहीत हाय," बाबा म्हणाले.

"कवापासून?"

"छापून आलं त्या दिवसापासून. तू गोल पाह्यतं, पोरी. गोल झाल्यावर काय होते ते पाह्यनारं या घरात एकच हाय."

या वाक्यासाठी मी सगळे शनिवार बसले होते. ते आलं आणि ते तिला सांगितलं गेलं. मी पडद्यामागे, हातात कोथिंबिरीच्या काड्या.

"मंग तुमी बोलले काऊन नाई?"

"ज्याचं पत्र हाय त्यानं सांगावं म्हनून थांबलो. सांगनारी दुसरीच निघाली." मग त्यांनी मला हाक मारली, "बाई, इकडं ये."

तो माणूस घाबरून आमच्या तिघांकडे बघत होता. "साहेब, काही कागद कमी हाय का?"

"कागद पुरे हायेत," बाबा म्हणाले.

मी खाली बसून अर्ज लिहिला. ताई शेजारी बसून त्या माणसाला विचारून विचारून सांगत होती, मुलीचं नाव, गाव, मार्क. ती विचारत होती म्हणून तो सांगत होता. मला त्यानं एवढं सांगितलं नसतं. त्यानं अंगठा उमटवला. मी कागद बाबांकडे दिला. त्यांनी तो वाचला आणि परत माझ्या पुढ्यात ठेवला, डावीकडच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून. मी मराठीत बकलम लिहिलं आणि पुढे माझं नाव. कुठल्याही कागदावर असं लिहायची माझी ती पहिली वेळ होती. बाबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

गल्लीत ताईनं स्वतःच सांगून टाकलं की पत्र माझं होतं. हसत सांगितलं, स्वतःचीच फजिती केल्यासारखं. बायका हसल्या आणि तिच्यावर जास्तच खूश झाल्या. खरं बोलली म्हणून. मला कुणी काही विचारलं नाही. एकीनं फक्त म्हटलं, "तू लिवलं होय? वाटत नाई."

त्या शनिवारी पुन्हा खोली भरलेली. मी दाराशी उभी राहायला गेले तर ताई उठली, चटईवरची तिची जागा थोपटून म्हणाली, "बस वं इथी," आणि स्वतः मागे, पोरांच्यात जाऊन बसली. मी बसले. बाबांनी पायानं ताट माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं, आता होईल.

गोल अर्धा खेळ झाल्यावर झाला. पास त्याचाच होता. खोलीत एकच ओरडा, पोरं उड्या मारायला लागली, कॅमेरा त्या मिठ्यांच्या ढिगावर थांबला. मी कोपऱ्यात बघितलं. बाबाही तिथेच बघत होते. तो मोजे वर ओढत होता. बाबांची हनुवटी थोडी वर झाली. मी मान हलवायला तयार होते.

"गेला, काका," मागून ताई म्हणाली. "पाहा, गेला बिचारा आपल्या जागेवर."

बाबा मागे वळले आणि तिच्याकडे बघून हसले. मी ताटातली एक शेंग फोडली. आत दाणे नव्हते. तरी टरफल हातात धरून मी समोर बघत राहिले.